तिसरी टेकडी कुणाची

माझे सासरे खुर्च्या-सोफे मढवतात. कामाला बसले की मूठभर बारीक खिळे तोंडात टाकतात, म्हणजे डावा हात कापड ताणायला मोकळा राहतो आणि उजव्या हातात हातोडी. जिभेनं एक खिळा वेगळा करायचा, आतल्या आत वळवायचा, डोकं बाहेर येईल असा ओठांवर आणायचा. हातोडीच्या तोंडाला लोहचुंबक असतं, ते खिळा ओठांवरून उचलतं आणि ठक्, खिळा लाकडात. गिऱ्हाईक खुर्ची न्यायला येतं आणि हे बघत उभं राहतं. माझी मुलगी ठमी तर दुकानाच्या उंबऱ्यावर बसून आ वासून बघते. आजोबांच्या तोंडात खिळे उगवतात अशी तिची समजूत आहे, आणि ती मोडायची कुणाची इच्छा नाही.

त्या जिभेच्या उजव्या कडेला पांढरा चट्टा आला. भिंतीला ओल आली की पोपडा धरतो ना, तसा. पुसून जाईना, दुखेना. दाढ दाखवायला गेले म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंना तो दिसला, नाहीतर बाबांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नसती. बाईंनी पहिलाच प्रश्न सिगारेटचा विचारला. बाबा ताठ बसून म्हणाले, सोडली. नात झाली त्या दिवशी सोडली. बाईंनी मान डोलावली आणि चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवायला सांगितलं. बाबांना वाटलं, आपलं नीट ऐकू गेलं नसावं. त्यांनी पुन्हा सांगितलं, सोडली म्हणून.

तुकडा काढताना जिभेत बधिर करायची सुई दिली. जन्मभर तोंडात खिळे घोळवणारा हा माणूस त्या सुईनं असा हादरला की घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, ह्यापुढे एकही सुई नाही. दंडात नाही, जिभेत नाही, कुठंच नाही. सासूबाई म्हणाल्या, बरं. नवरा म्हणाला, बघू. त्या घरात ‘बरं’ आणि ‘बघू’ ह्यांच्या मध्ये जे काही उरतं ते सगळं मला करावं लागतं.

कारण हा माझा विषय. मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथं असेच तोंडातले चट्टे येतात, म्हणजे त्यांचे तुकडे. सूक्ष्मदर्शकाखाली बघणारे डॉक्टर सांगतात की पेशी किती बिघडल्यात. बाबांचा निकाल आला: कर्करोग नाही, पेशी थोड्याशा बिघडल्यात. आता गंमत अशी की थोड्याशा बिघडलेल्या चट्ट्यांपैकी बरेचसे जन्मभर तसेच पडून राहतात आणि काही पुढं कर्करोगाच्या वाटेला लागतात, आणि नुसतं बघून दोन्ही सारखेच दिसतात. तिथून पुढचं काम आमचं. पेशीच्या आत जी गुणसूत्रं असतात त्यांचे ठरावीक तुकडे गळून पडलेत का, हे आम्ही बघतो. नेमके तुकडे गळलेले असले, तर तो चट्टा स्वस्थ बसणाऱ्यातला नाही असं समजायचं आणि काढून टाकायचा.

काढून टाकायचा म्हणजे जिभेची कड कापायची. हे कळल्यावर बाबांनी माझ्याशी करार केला. तुझं मशीन म्हणालं तर कापून घेईन, नाही म्हणालं तर हा विषय ह्या घरात पुन्हा निघणार नाही. सूनबाई, बोल, कबूल? ते मला एरवी ‘अगं’ म्हणतात, सूनबाई म्हणाले की समजायचं, टोमणा आहे. मी कबूल म्हटलं. मला वाटलं, चला, निदान गाडी रुळावर आली.

त्याच सुमारास त्यांनी घरात दुसरंच एक नाटक सुरू केलं. स्वतःचा पेला वेगळा ठेवला, फडताळाच्या वरच्या फळीवर. ठमी त्यांच्या ताटात हात घालायला गेली की ताट उचलून दुसरीकडं जायचे. पूर्वी झोपताना तिचा पापा घ्यायचे, आता लांबूनच डोक्यावर हात. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, वडील तुझे रुसलेत, सिगारेट सोडूनही कौतुक झालं नाही म्हणून. तो म्हणाला, वयानुसार होतं. सासूबाई म्हणाल्या, मी तर लग्न झाल्यापासून बघतेय.

आता काम कसं चालतं ते सांगते, त्याशिवाय पुढचा घोळ कळायचा नाही. प्रत्येक माणसात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आम्ही काही ठरावीक जागा तपासतो. पडद्यावर त्या जागी उंचवटे दिसतात, आम्ही त्यांना टेकड्या म्हणतो. दोन प्रती, दोन टेकड्या. दोन्ही प्रती अगदी सारख्या असतील तर टेकडी एकच दिसते. म्हणून नुसता चट्टा तपासून भागत नाही. एकच टेकडी दिसली तर दुसरी गळून गेली की मुळात एकच होती, हे कसं कळणार? त्यासाठी त्याच माणसाचा चांगला नमुना शेजारी लागतो. चांगल्यात दोन आणि चट्ट्यात एक असेल, तर एक गळाली. सरळ वजाबाकी आहे.

चांगला नमुना म्हणजे रक्त. आणि रक्त म्हणजे सुई.

मी आमच्या मोठ्या बाईंकडं गेले, ज्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आहेत, आणि अर्ध्या तोंडानं विचारलं की रक्ताऐवजी डाव्या गालाच्या आतून कापसाच्या काडीनं पेशी घेतल्या तर? त्या दुसऱ्याच कशात तरी होत्या. म्हणाल्या, घे, पण नीट घे.

मी नमुना नीट घेतला. आदल्या दिवशी बाबांना समजावलं, सकाळी चूळ भरायची, त्यानंतर मी काडी फिरवेपर्यंत काहीही खायचं-प्यायचं नाही. सकाळी पुन्हा सांगितलं. सासूबाईंना सांगितलं, लक्ष ठेवा. बाबांनी माझ्यासमोर खळखळून चूळ भरली. मग ठमीनं बूट उलटे घातले, ते काढू देईना, पाळणाघराची पिशवी सापडेना, नवरा दारात उभा राहून ‘उशीर होतोय’ एवढंच सांगत होता, जसं काही ते फक्त त्यालाच दिसत होतं. हे सगळं उरकून मी हातमोजे चढवले, मास्क लावला, आणि बैठकीच्या खोलीत सासऱ्यांच्या गालात काडी फिरवली. काडी नळीत घातली, झाकण लावलं.

निकाल आला तेव्हा मी माझ्या टेबलापाशी होते. मोठ्या बाईंनी त्यांच्या खोलीतून हाक मारली. पडद्यावर बाबांचा चांगला नमुना होता आणि पहिल्याच जागी तीन टेकड्या होत्या.

“ह्या माणसाला आई-बाप एकूण किती?” बाईंनी विचारलं.

पुढच्या जागी तीन, त्याच्या पुढं दोन, मग पुन्हा तीन, एके ठिकाणी तर चार. एका माणसात दोनापेक्षा जास्त टेकड्या निघत नाहीत. म्हणजे त्या नळीत आणखी कुणीतरी होतं. आमच्याकडं काम करणाऱ्या प्रत्येकीचा नमुना आधीच तपासून ठेवलेला असतो, असं काही झालं तर चोर सापडावा म्हणून. बाईंनी सगळ्यांचे नमुने एकेक करून शेजारी लावले. जास्तीच्या टेकड्या माझ्याशी जुळल्या. पहिल्या जागी जुळली, दुसऱ्या जागी जुळली, चौथ्या जागी जुळली.

त्यानंतर मी जे ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही. थोडक्यात, मास्क नाकाखाली ठेवून गप्पा मारणाऱ्या मुली प्रयोगशाळेला नकोत, घरच्या माणसाचा नमुना म्हणून सवलत घेतली की असंच होतं, आणि तूर्त तू नळ्यांना हात लावू नकोस. मी मूग गिळून ऐकलं. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण एवढ्या मन लावून टेबल पुसत होती की मला तिचाच राग आला. मी मास्क घातला होता. मी एक शब्द बोलले नव्हते. पण पडद्यावर मी होते, आणि पडद्याशी काय भांडणार?

नळ्या काढून घेतल्यावर हाताला काम उरलं नाही, म्हणून मी तोच निकाल उघडून बसले. चिडून बघत होते. पहिल्या जागी माझ्या स्वतःच्या दोन टेकड्या आहेत, मला त्या पाठ आहेत. बाबांच्या नळीत त्यांतली एकच होती. दुसरीचा पत्ता नव्हता. पुढच्या जागेवर गेले. तिथंही माझी एक होती आणि दुसरी नव्हती. प्रत्येक जागी तेच. माझ्या दोनांतली नेमकी एक.

मी उठले आणि न बोलावता बाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, बाई, मी नळीत सांडले असते तर सगळी सांडले असते. मी निम्मी कशी सांडेन?

बाईंनी चष्मा वर केला. दोघी बघत राहिलो. माझा निम्मा भाग घेऊन ह्या जगात एकच व्यक्ती हिंडते, आणि ती त्या वेळी पाळणाघरात कुणाच्या तरी डब्यात हात घालत असणार. आणि जिथं चार टेकड्या होत्या तिथली चौथी? ती ठमीला तिच्या बापाकडून मिळालेली, आणि बापाला त्याच्या आईकडून. म्हणजे सासूबाई. एवढ्याशा नळीत आमचं अख्खं घर येऊन बसलं होतं. नेहमीप्रमाणे नवरा तेवढा कुठं वेगळा दिसत नव्हता.

मला हसू यायला हवं होतं. खरं सांगायचं तर क्षणभर आतून काहीतरी हललंही, आपल्या मुलीला आपण असं कधी पाहिलं नव्हतं, उंचसखल, निम्मी माझी आणि निम्मी ह्या घरची. पण मग आठवलं की मी दिवसभर बोलणी खाल्लीत. मी घरी फोन लावला.

सासूबाई आधी म्हणाल्या, छे, काही खाल्लं नाही त्यांनी. मग म्हणाल्या, थांब, विचारते. मग पलीकडं दोघांची बराच वेळ कुजबुज चालली. शेवटी बाबाच फोनवर आले. मी पिशवी शोधत होते तेव्हा ठमीनं अर्धं चावलेलं, चांगलं भिजलेलं बिस्किट तोंडातून काढून आजोबांना दिलं होतं. रोजच देते.

“बाबा, मी सांगितलं होतं ना काही खायचं नाही म्हणून?”

“मी कुठं खाल्लं? तिनं भरवलं.”

मी डोक्याला हात लावला. मोठ्या बाई समोर बसून ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता माफी नाही तरी निदान ‘बरं’ तरी म्हणतील. त्या म्हणाल्या, गालाचा नमुना घेतलासच का? मी म्हटलं, तुम्हीच घे म्हणालात. त्या म्हणाल्या, मी शंभर गोष्टी म्हणते. आणि मग समजावून सांगितलं, तेही बरोबरच होतं: ज्यानं वर्षानुवर्षं सिगारेट ओढली त्याचं सगळंच तोंड त्या धुरात मुरलेलं असतं. जो गाल डोळ्यांना चांगला दिसतो तोही आतून तसाच असेलच असं नाही. बिस्किट नसतं तरी तो नमुना भरवशाचा नव्हता. रक्त हवं. रक्ताशिवाय ह्या माणसाचं काहीही सांगता येणार नाही, कारण चट्ट्यात दोन-तीन जागी एकेकच टेकडी दिसतेय, आणि गालाच्या नमुन्यातली दुसरी आजोबांची, म्हणजे चट्ट्यात गळालेली, की मुळात नातीची, हे आत्ता देवही सांगू शकणार नाही.

घरी पोचले तर बाबा दुकानात होते, तोंडात खिळे, समोर कुणाची तरी जुनी आरामखुर्ची उघडी पडलेली, स्प्रिंगा बाहेर. मी सांगितलं की काही कळलं नाही. त्यांनी खिळे हातावर काढले आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, म्हणजे काही निघालं नाही.

मी म्हटलं, निघालं नाही असं नाही, कळलं नाही. ते म्हणाले, एकच ते. मी म्हटलं, एकच कसं असेल? तुम्ही खुर्ची उघडलीच नाही तर आत स्प्रिंग मोडलीय की नाही ते कसं सांगणार? ते म्हणाले, बसून. मी म्हटलं, बाबा, जिभेवर कोण बसणार?

मग करार निघाला. मशीन म्हणालं तर कापायचं, मशीन काही म्हणालं नाही, विषय संपला, कबूल होतं ना सूनबाई? सासूबाई मध्येच येऊन म्हणाल्या, ती म्हणतेय तर द्या ना रक्त. आणि लगेच, पण नको तर राहू दे, उगाच त्रास. नवरा घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, तुझा विषय आहे, तू जास्त चांगलं सांगशील. हे घर म्हणजे पालथा घडा आहे आणि मी रोज पाण्याची घागर घेऊन उभी. बरं, रागवायचं तरी कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

मी हट्ट सोडला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसले. सुट्टी घेतली होती, नाहीतरी नळ्यांना हात लावायची बंदी अजून उठली नव्हती. ठमी उंबऱ्यावर एका चिंधीला झोपवत होती. मी बाबांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची, एक गळाली तरी दुसरीवर भागतं, पण नेमक्या जागी दोन्ही बिघडल्या की पेशीला लगाम राहत नाही.

“वडिलांची गेली की आईची, ते दिसतं?”

“नाही दिसत.”

“आईची नसणार. आई चिवट होती.”

मी पुढं म्हटलं, रक्त द्यायचंच नसेल तर एक दुसरा मार्ग आहे, लांबचा. बाई परवानगी देतील का माहीत नाही, पण ठमीचा नमुना घ्यायचा, तिच्या टेकड्या कुठल्या ते बघायचं, आणि तुमच्यातून वजा करायच्या. सुई नाही, तिला नुसती काडी फिरवायची गालातून.

बाबांनी हातातली हातोडी खाली ठेवली. तोंडातले खिळे एकेक करून हातावर काढले, घाई न करता, आणि डबीत ओतले. मग माझ्याकडं न बघता विचारलं, “तिचं तपासलं तर तिच्यात काय तुटलंय ते कळेल?”

मी म्हटलं, तिच्यात काही तुटलेलं नाही. ते म्हणाले, तुला काय माहीत, तपासलं कुठं अजून.

मला आधी कळेचना. मग ते म्हणाले, तूच म्हणतेस ना, निम्मं-निम्मं पुढं जातं. माझ्यातलं निम्मं माझ्या पोरात, त्याच्यातलं हिच्यात. मग माझ्यात जे तुटलेलं आहे ते कुठं गेलं असेल? आणि उष्ट्यातून, पेल्यातून जात असेल तर? तिचं मी खातो, मला काही होत नाही. माझं तिला द्यायचं मी बंद केलंय.

फडताळातला वरच्या फळीवरचा पेला. उचलून नेलेलं ताट. मी किती दिवस त्याला रुसवा म्हणत होते. मला रडू आलं नाही, राग आला, भयंकर राग. ज्याच्या घरात हेच काम करणारी बाई रोज दोन वेळा जेवायला वाढते, त्या माणसानं ही शंका एवढे दिवस एकट्यानं गालात धरून ठेवायची? मी म्हटलं, बाबा, एकदा विचारायचं होतं. एकदा.

ते म्हणाले, विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर?

मग मी सांगितलं. जिभेत जे तुटलं ते जिभेत तुटलं, म्हातारपणी, धुरानं. मुलगा झाला त्याच्या कितीतरी नंतर. ते रक्तातून मुलाकडं जात नाही, मुलाकडून नातीकडं जात नाही, आणि उष्ट्यातून तर मुळीच नाही. उलटं झालंय, तिचंच तुमच्या तोंडात निघालं. ते म्हणाले, नक्की? मी म्हटलं, नक्की. त्यांनी आणखी दोनदा विचारलं आणि मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझाच तोल सुटत आला होता, तेवढ्यात ते उठले, हात धुऊन आले आणि शर्टाची बाही वर सरकवायला लागले. मी म्हटलं, आत्ता नाही, दवाखान्यात जावं लागेल. ते म्हणाले, मग आधी का नाही बोललीस, बाही चुरगळली.

रक्त दिलं. त्या वेळी त्यांनी माझा हात असा दाबला की बोटातली अंगठी रुतली, आणि रक्त घेणाऱ्या बाईला म्हणाले, हिला धीर देतोय, हिला सुईचं फार भय आहे.

ह्या वेळी तपासणी मी स्वतः केली. मोठ्या बाईंनी बंदी उठवली होती, म्हणजे तसं बोलून नाही, नळ्यांचा ट्रे माझ्यापुढं सरकवून. दुपारची वेळ होती, खोलीत यंत्रांची घरघर आणि कुणाच्या तरी डब्याचा वास. रक्तात दोन टेकड्या, स्वच्छ, दोनच. चट्ट्यात एक. पुढची जागा: दोन आणि एक. नवव्या गुणसूत्रावर आणि तिसऱ्या गुणसूत्रावर, ज्या जागांकडं आम्ही सगळ्यात आधी बघतो, नेमक्या त्याच. शिवाय आणखी एके ठिकाणी. मी यंत्र बंद करून पुन्हा चालवलं. तेच आलं. मी शंभर लोकांचे असे निकाल पाहिलेत आणि प्रत्येक वेळी पुढच्या नळीकडं गेले आहे. त्या दिवशी मला पुढची नळी उचलता येईना.

बाबांना सांगितलं तेव्हा सगळे स्वयंपाकघरात होतो. सासूबाई हातातलं काम टाकून बसल्या. नवरा पहिल्यांदाच काही म्हणाला नाही, पण खुर्ची ओढून वडिलांच्या शेजारी बसला, एवढं मी त्याच्या खात्यावर जमा करते. बाबांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, जे गळालं ते परत येतं का?

मी म्हटलं, नाही.

“मग मी सिगारेट सोडून उपयोग काय झाला?”

ते मोठ्यानं बोलले नाहीत, पण इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सोडली तेव्हा किती त्रास झाला ते सांगू लागले, हात कसे थरथरायचे, वेलबुट्टीचं कापड कसं वाकडं लागायचं, गिऱ्हाइकांवर कसे खेकसायचे. मी माझा शब्द पाळला, म्हणाले, मग ह्यानं त्याचा का पाळला नाही? ‘ह्यानं’ म्हणताना त्यांनी स्वतःच्या तोंडाकडं बोट केलं, जणू तो कामावर वेळेत न येणारा कारागीर होता. मी म्हटलं, आणखी गळायचं असेल ते कदाचित थांबलं असेल. कदाचित? ते म्हणाले. मी म्हटलं, हो, कदाचित. ह्याहून जास्त मला माहीत नव्हतं आणि खोटं बोलायची ही वेळ नव्हती. ते उठून खाली दुकानात गेले. बराच वेळ खालून ठकठक येत राहिली.

सर्जनकडं गेलो तेव्हा मी पूर्ण तयारीनिशी गेले होते. बाबा नाही म्हणणार, हे धरूनच चालले होते. काय म्हणतील आणि मी काय म्हणेन, सगळं मनात मांडून ठेवलेलं. सर्जन तरुण होता, सरळ बोलणारा. त्यानं कागदावर जीभ काढली, चट्टा काढला, त्याच्याभोवती थोडी जागा सोडून रेघ मारली आणि म्हणाला, एवढी कड जाईल. बोलायला-जेवायला काही दिवस जड जाईल, मग सवय होईल.

बाबांनी चित्र जवळ ओढलं, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, कडेनं एवढंच सोडणार? विरलेलं कापड दिसतं त्याच्या पुढंपर्यंत विरलेलं असतं. आणखी कापा.

सर्जन म्हणाला, आजोबा, हे कापड नाही. पुढचं लागलं तर बघू, उगाच जास्त कापलं तर बोलताना अडखळाल. बाबा म्हणाले, अडखळू द्या. मी मध्ये पडले, म्हटलं, बाबा, ते रोज कापतात. बाबा म्हणाले, मीही रोज कापतो. काल-परवापर्यंत जो माणूस तसूभर द्यायला तयार नव्हता तो आता जीभ मापानं कापून घ्यायला निघाला होता, आणि मी, जी इतके दिवस कापा कापा म्हणत होते, ती त्यांना अडवत होते. शेवटी सर्जननं पेन खिशाला लावलं आणि म्हणाला, तेवढं माझ्यावर सोडा. बाबांनी सोडलं, पण चेहऱ्यावरून दिसत होतं की काम पटलेलं नाही.

उठताना त्यांनी विचारलं, नंतर खिळा वळवता येईल का? सर्जनला कळलं नाही. मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, ते मी नाही सांगू शकत. बाबा ठीक म्हणाले. डबी जवळ घेऊन बसेन, हातानं उचलेन, वेळ लागेल एवढंच.

बाहेरच्या खिडकीतल्या बाईंनी ऑपरेशनसाठी सोमवार दिला. आम्ही जिना उतरून रस्त्यापर्यंत आलो. मी मनात ठेवलेले सगळे मुद्दे तसेच होते, एकही खर्ची पडला नव्हता, आणि आता त्यांचं काय करायचं ते कळत नव्हतं. म्हणून मी त्यांना गळपट्टा नीट गुंडाळा म्हणून सांगितलं, नीटच होता तरी. ते थांबले.

“सोमवार नको. सोमवारी त्या सहा खुर्च्या न्यायला येणार आहेत, आणि शेवटची माझ्याच हातची झाली पाहिजे. मंगळवार सांग.”

मी म्हटलं, बाबा, हे वर असताना सांगायला काय झालं होतं? ते म्हणाले, तिथं तू बोलत होतीस ना.

मी परत जिना चढले, परत रांगेत उभी राहिले आणि खिडकीतल्या बाईंना सोमवारचा मंगळवार करून द्या म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडं जसं पाहिलं, तसं मी गेले कित्येक महिने घरातल्या सगळ्यांकडं बघत होते.